कायदा आणि आपण : सोमवारची धाप



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत वाटणी, पोटगी, भाडेकरू आणि वारसाहक्क हेच विषय अधिक असतात. घरच्या आजारपणाची पत्रे आपल्या ‘आरोग्य’ पानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जातात. मात्र या वेळी एक पत्र त्यांनी स्वतः वाचून माझ्याकडे धाडले. “औषधाचे मी कळवते, पण यात हक्काचाही प्रश्न आहे, तो तुम्ही पाहा,” अशी चिठी सोबत होती. पत्र लांब आहे. त्यातला मुख्य भाग देते.

“ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात राहतो. आमचे हे सूतगिरणीत चोवीस वर्षं कामाला आहेत. आधी ब्लोरूमला होते, नंतर कार्डिंगला. वय पन्नास पूर्ण. चार-पाच वर्षांपासून यांना धाप लागते. आधी नुसतं छातीत आवळल्यासारखं व्हायचं, तेही सुट्टीनंतर पहिल्या पाळीला गेले की. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटायचं. आता आठवडाभर तेच. जिना चढवत नाही. दोन महिने झाले, घरीच आहेत. गावातले डॉक्टर दमा म्हणतात आणि पंप देतात. छातीचा फोटो काढला, त्यात काही नाही म्हणाले.

परवा गिरणीतून एक माणूस आला. पन्नास हजार घ्या आणि या कागदावर सही करा म्हणाला. कागदावर राजीनामा आहे आणि खाली ‘माझी कसलीही बाकी नाही’ असं टाईप केलंय. दीर म्हणतात, घेऊन टाका, पोरीचं लग्न काढलंय. हे म्हणतात, विडी मीच ओढली, गिरणीला काय दोष द्यायचा? आणि खरं सांगू का ताई, आमचा मुलगा त्याच गिरणीत बदलीवर आहे. आम्ही तोंड उघडलं तर त्याला घरी बसवतील ही भीती वाटते. पगार चौदा हजार आहे. त्यातून काहीतरी कापतात, पण कशाचं ते मला माहीत नाही. सही करू का नको?”

बाई, पहिले उत्तर पहिल्या ओळीत देते : सही करू नका. पैसेही घेऊ नका आणि त्या माणसाशी भांडूही नका. “घरात विचार करून सांगतो, कागदाची एक प्रत ठेवून जा,” एवढेच म्हणा. प्रत दिली तर ठीक. नाही दिली तर त्यात काय लिहिले होते ते आठवून आजच्या तारखेनिशी वहीत उतरवून ठेवा. आता बाकीचे एकेक करून पाहू.

दुखण्याचे नाव

डॉक्टरीणबाईंनी मला समजावले ते असे. कच्च्या कापसात पानांचा, बोंडाच्या सालीचा चुरा असतो आणि त्यावर वाढलेल्या जिवाणूंचे विषही असते. कापूस फोडताना, पिंजताना ही धूळ सर्वात जास्त उडते. म्हणजे नेमके ब्लोरूम आणि कार्डिंग. वर्षानुवर्षे ती छातीत गेली की श्वासनळ्या आवळू लागतात. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण मोठी विलक्षण आहे. सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे आठवड्यात उतार पडतो, आणि पुन्हा सुट्टीनंतर तेच. सुरुवातीला धुळीपासून दूर केले तर माणूस बरा होतो. फार वर्षे तसाच राहिला तर धाप कायमची होते.

म्हणूनच तुम्ही पत्रात सहज लिहिलेले ‘सुट्टीनंतर पहिल्या पाळीला’ हे तीन शब्द तुमच्या बाजूचे फार मोलाचे आहेत. आठवड्याची ही सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीमुळे 1890 साली मिळाली. त्या एका दिवसाच्या मोकळ्या हवेमुळेच तर सोमवारचा फरक कळून येतो! तुमच्याकडे सुट्टीचा वार दुसरा असेल, तर ‘सोमवार’ही दुसरा धरायचा.

छातीच्या फोटोत काही दिसले नाही म्हणून घाबरू नका. सिलिकोसिससारखे डाग या आजारात फोटोत सहसा दिसत नाहीत. इथे उपयोगी पडते ती श्वासाची चाचणी. नळीत जोराने फुंकायचे आणि किती हवा किती वेळात बाहेर पडते ते यंत्र मोजते. तिला स्पायरोमेट्री म्हणतात. कामावर असलेल्या माणसाची ही चाचणी पहिल्या दिवशी पाळीच्या आधी आणि पाळी संपल्यावर अशी दोनदा केली, तर धुळीने किती फरक पडतो ते आकड्यांत दिसते. तुमचे यजमान दोन महिने घरी आहेत, तेव्हा त्यांची आत्ताची चाचणी आणि कामाचा पूर्ण इतिहास या दोहोंवर डॉक्टरांना मत द्यावे लागेल.

आणि डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगा : “केसपेपरवर यांचे काम लिहा.” कोणत्या खात्यात, किती वर्षे, त्रास कोणत्या दिवशी वाढतो, हे सगळे. इटलीत रामाझ्झिनी नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांनी 1700 साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला ‘तुझा धंदा काय?’ हे विचारायलाच हवे, असे वैद्यांना बजावले. तीनशे वर्षांवर होऊन गेली, तरी गर्दीच्या दवाखान्यात हा प्रश्न राहूनच जातो. तो राहिला की कागदावर नुसता ‘दमा’ येतो, आणि नुसत्या दम्याला भरपाई कोण देणार?

विडीचे काय?

यजमानांचे म्हणणे प्रामाणिक आहे, पण कायद्याचा हिशेब तसा नाही. विडीने हा आजार बळावतो हे खरे. ती आजच सोडायला हवी, त्यात दुमत नाही. पण विडी रोज ओढली जाते, तिला वार कळत नाही. सुट्टीत बरे आणि कामाच्या पहिल्या दिवशी वाईट, हे विडीचे लक्षण नव्हे.

आपल्या देशात 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने एक मोठी सोय करून ठेवली. काही आजारांची यादीच कायद्याला जोडली : शिशाची, पाऱ्याची विषबाधा, दगडाच्या धुळीचा सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, चिपाडाच्या धुळीचा बॅगॅसोसिस, आणि कापूस-तागाच्या धुळीचा हा बिसिनोसिस. यादीतला आजार, यादीतले काम आणि ठरलेल्या काळाची सलग नोकरी, एवढे जुळले की तो आजार कामामुळेच झाला असे कायदा धरून चालतो. ‘नाही, कामामुळे नाही’ हे सिद्ध करण्याचा भार मग मालकावर जातो. राज्य विमा योजनेच्या 1948 च्या कायद्यातही अशीच यादी होती. हे दोन्ही कायदे आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत एकत्र आले आहेत आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. नाव बदलले, कलमांचे आकडे बदलले. मूळचा ढाचा तोच आहे.

तेव्हा ‘विडी मीच ओढली’ हे यजमानांनी डॉक्टरांना खरे सांगावे, लपवू नये. पण त्यासाठी हक्क सोडण्याचे कारण नाही.

दार कोणते ठोठावायचे?

यासाठी पगाराची चिठी काढा. पगारातून काय कापतात ते तिच्यावर असते. ‘ई. एस. आय.’ अशा नावाने पगाराच्या पाऊण टक्का, म्हणजे चौदा हजारांवर सुमारे 105 रुपये कापलेले दिसले, तर तुमचे यजमान राज्य कामगार विमा योजनेत आहेत. (1 जुलै 2019 पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के ठरला.) भविष्य निर्वाह निधी वेगळा, त्याची रक्कम बरीच मोठी असते. दोहोंची गल्लत करू नका.

*विमा असेल तर* भरपाई गिरणीकडून मागायची नाही, विमा महामंडळाकडून मागायची. विमा दवाखान्यात जाऊन आजार कामामुळे झाल्याचा संशय नोंदवून घ्यायचा आणि महामंडळाच्या शाखा कार्यालयात अर्ज द्यायचा. वैद्यकीय मंडळ तपासून कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवते. मंडळाचा निर्णय पटला नाही तर अपील करता येते आणि त्यापुढे विमा न्यायालय आहे. गिरणीने हप्ते कापले पण भरले नाहीत, असे निघाले तरी धीर सोडू नका. कामामुळे झालेल्या दुखापतीच्या किंवा आजाराच्या लाभासाठी अमुक महिने हप्ते भरलेलेच हवेत अशी अट नाही. न भरलेले हप्ते मालकाकडून वसूल करणे हे महामंडळाचे काम.

*विमा नसेल तर* मालकाला लेखी सूचना देऊन नुकसानभरपाई आयुक्तांपुढे अर्ज करायचा. नव्या संहितेत त्यांना सक्षम प्राधिकारी म्हटले आहे. ठेकेदारामार्फत काम असले तरी मूळ मालक हात झटकू शकत नाही.

दोन्ही दारांतून एकाच आजाराचे पैसे मिळत नाहीत, हे मात्र पक्के लक्षात ठेवा. विमा असलेल्याने गिरणीवर भरपाईचा दावा लावला तर तो उभा राहत नाही, आणि त्यात वर्ष-दोन वर्षे फुकट जातात.

हिशेब मांडून पाहू

संसारात आपण भाजीचाही हिशेब लिहितो, मग हा का नको? समजा, वैद्यकीय मंडळाने कमाईची ताकद 40 टक्के गेली असे ठरवले. हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. तुमचा कमी येईल किंवा अधिक.

विम्याच्या वाटेने : पगाराच्या 90 टक्के म्हणजे 12,600. त्याचे 40 टक्के म्हणजे महिना सुमारे 5,040 रुपये, आणि तेही आयुष्यभर. शिवाय औषधपाणी.

भरपाईच्या वाटेने : पगाराच्या 60 टक्के म्हणजे 8,400. वयाच्या पन्नाशीला कायद्याच्या कोष्टकात 153.09 हा आकडा दिलेला आहे. त्याने गुणले की 12,85,956 रुपये होतात. ही पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाची रक्कम. 40 टक्क्यांना 5,14,382 रुपये. (हिशेबासाठी पगार कितीही असला तरी महिना 15,000 पर्यंतच धरायचा, असे जानेवारी 2020 मध्ये ठरले. तुमचा त्याच्या आतच आहे.) देणे लागू झाल्यावर महिन्याभरात दिले नाही तर 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना रखडवले तर निम्म्यापर्यंत दंडही बसू शकतो.

आणि आता यातली खरी गंमत ऐका. आजार बाजूला ठेवा. चोवीस वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी तर आहेच! मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून चौदा हजार असतील, तर वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे, महिन्याचे 26 दिवस धरून, ती 1,93,846 रुपये होते. म्हणजे ‘कसलीही बाकी नाही’ म्हणून गिरणी जे पन्नास हजार देऊ करते आहे, ते ग्रॅच्युइटीच्या तिसऱ्या हिश्शाएवढेही नाहीत. भरपाई, ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकीच्या बदल्यात दुसरी मिळत नाही. हे दीरांना शांतपणे, कागदावर मांडून दाखवा. लग्नाची काळजी त्यांनाही आहे, म्हणूनच ते तसे म्हणाले असतील.

भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक ठरतो. तरीही सही करू नका असे मी म्हणते ते दोन कारणांसाठी. एक, राजीनामा हा राजीनामाच असतो. नोकरी गेली ती गेली. दोन, निरर्थक कागद निरर्थक आहे हे सांगायलाही कोर्टात जावे लागते, आणि तो खर्च व मनस्ताप तुमचा. तडजोड करायचीच असेल तर ती अधिकाऱ्यांपुढे, त्यांच्याकडे नोंदवून करावी.

मुलाच्या नोकरीचे काय?

हा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण मनात तोच पहिला असणार. कायदा आहे म्हणून कुणी मुलाला त्रास देणारच नाही, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. बदली कामगाराला ‘उद्या येऊ नकोस’ म्हणायला वेळ लागत नाही.

पण एक पाहा. विमा असेल तर तुमचा अर्ज गिरणीविरुद्ध नसतो. पैसे महामंडळाच्या निधीतून येतात, गिरणीच्या तिजोरीतून नाही. गिरणीला फक्त नोकरीचा आणि पगाराचा तपशील द्यायचा असतो. हे मॅनेजरसाहेबांना समजावून सांगितले, तर पुष्कळदा विरोध मावळतो. म्हणून आधी पगाराची चिठी, मग बोलणी. गिरणीत कामगार संघटना असेल तर तिच्या प्रतिनिधीला सोबत घ्या. एकटीने जाऊ नका.

आता त्याच मुलाबद्दल दुसरी गोष्ट, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तो कोणत्या खात्यात आहे? वडील ज्या धुळीत चोवीस वर्षे उभे राहिले तीच त्याच्याही छातीत जाते आहे. त्याचीही श्वासाची चाचणी आत्ताच करून घ्या आणि कागद जपून ठेवा. सुट्टीनंतर त्याला छातीत आवळते का, हे आज जेवताना सहज विचारा. मुले आईपासून अशा गोष्टी लपवतात. सुरुवातच असेल तर खाते बदलून मागणे हाच उपाय, आणि या आजारात तो वेळेवर केला तर गुण येतो. नोकरी टिकवायची ती मुलाच्या जिवासाठी; जीव देऊन नोकरी टिकवण्यात काय अर्थ?

ट्रंकेत काय काय ठेवाल?

कोर्टात किंवा मंडळापुढे माणूस थोडे बोलतो, कागद जास्त बोलतो. एक जाड पिशवी करा आणि पत्र्याच्या ट्रंकेत, कपड्यांच्या खाली ठेवा. तीत असावे :

1. नेमणुकीचे पत्र, हजेरीचे कार्ड, गिरणीचे ओळखपत्र, बोनसची पावती. जे असेल ते.

2. मागच्या जितक्या सापडतील तितक्या पगारचिठ्या, विम्याचे कार्ड आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक. नोकरी किती वर्षांची, याचा सर्वात चांगला पुरावा हे पासबुकच असते.

3. सगळे केसपेपर, औषधांच्या चिठ्या, चाचण्या, फोटो. मूळ प्रत कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या.

4. एका कागदावर कामाचा इतिहास : कोणत्या साली कोणते खाते, पाळी कोणती, तोंडाला बांधायला काही देत होते का, धूळ ओढणारे यंत्र चालू असे का बंद. शेजारी उभे राहून काम केलेल्या दोन-तीन सोबत्यांची नावेही.

5. स्वयंपाकघरात भिंतीवर लावलेली दिनदर्शिका! वाणसामान, दूध, गॅस जिथे लिहिता तिथेच रोजच्या चौकोनात एक शब्द लिहा : धाप, बरे, रात्री झोप नाही, कामावर गेले, रजा. ज्यांच्या घरचा माणूस अजून कामावर जातो त्यांनी तर हे अवश्य करावे. दोन-तीन महिन्यांत वारांचा क्रम आपोआप उमटतो. वर्ष संपल्यावर हे पंचांग रद्दीत घालू नका.

विमा दवाखान्याचे जुने कागद मिळत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. गिरणीची तपासणी केव्हा झाली, धुळीबद्दल काय शेरे मारले, याची माहिती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे याच अर्जाने मागता येते. अशा आजारांची खबर गिरणीच्या व्यवस्थापकाने आणि तपासणाऱ्या डॉक्टरने सरकारी अधिकाऱ्यांना द्यायची असते, हे 1948 च्या कारखाने कायद्यापासून चालत आले आहे.

मुदत

इथे पुष्कळ जणी फसतात. भरपाईच्या वाटेने जायचे तर साधारण दोन वर्षांची मुदत असते. आजारात ‘अपघाताचा दिवस’ कोणता? तर आजारामुळे सलग घरी बसावे लागले त्यातला पहिला दिवस. तुमच्या बाबतीत ते दोन महिन्यांपूर्वीचे आहे. तो दिवस आजच लिहून ठेवा. काम सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर लक्षणे प्रथम आढळल्याच्या दिवसापासून मोजतात. उशिराला सबळ कारण असेल तर ते माफ होऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नये.

शहाण्याने कोर्टाची पायरी…

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. घरच्या भांडणात ते खरेही आहे. पण जी पायरी आपल्या आधीच्यांनी झिजवून आपल्यासाठी सोपी केली, ती चढायला लाजायचे कशाला? 1995 साली ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. आरोग्याच्या नोंदी निदान चाळीस वर्षे, किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षे, यांतले जे उशिरा संपेल तोपर्यंत ठेवा, असा आदेशही दिला. गुजरातेत गोध्र्याच्या गारगोटी कुटण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी कामाला जात. सिलिकोसिसने मेलेल्या त्यांच्यातल्या 238 जणांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश 2016 साली झाला. त्यांच्याजवळ ना हजेरीचे कार्ड होते, ना पगाराची चिठी. आणि पैसे आले तेव्हा ज्याचे होते तो माणूस राहिला नव्हता. म्हणूनच म्हणते, माणूस समोर बसलेला असतानाच उठा.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर ऐका. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो, आणि औद्योगिक कामगारांनाही मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. 15100 या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

बाकीच्या मैत्रिणींसाठी

हे सारे फक्त नवऱ्याच्या नोकरीपुरते समजू नका. खानदेश-विदर्भात जिनिंगमध्ये सरकी वेचायला, कापूस ढकलायला आपल्याच बहिणी असतात. मुकादमाच्या शब्दावर काम चालते, हजेरीपटावर नाव नसते. त्यांनी स्वतःच्या वहीत रोजची हजेरी आणि मिळालेली मजुरी लिहावी, जमल्यास मुकादमाची सही घ्यावी. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावी.

ज्यांच्या घरचे पुरुष शिशाच्या बॅटऱ्या दुरुस्त करतात, दगड फोडतात किंवा जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे काढतात, त्यांनी कामाचे कपडे घरात झटकू नयेत आणि मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. आधी पाण्यात भिजवावेत म्हणजे धूळ उडत नाही. ती धूळ धुणाऱ्या बाईच्या छातीतही जाते.

आणि देव न करो, पण कामाच्या आजाराने विमेदार माणूस गेलाच, तर विधवेला त्याच्या लाभाच्या पाचांतले तीन हिस्से महिन्याच्या महिन्याला मिळतात, मुलांचा वाटा वेगळा. तेव्हाही पहिला प्रश्न तोच येतो : आजार कामाचा होता हे कुठे लिहिले आहे? ते आजच लिहून घ्यायचे, ते यासाठी.

कोल्हापूरच्या भगिनींनी या आठवड्यात तीन कामे करावीत : पगाराची चिठी शोधावी, श्वासाची चाचणी करून घ्यावी आणि केसपेपरवर यजमानांचे काम लिहून आणावे. चिठीवर काय निघाले ते मला कळवा. पुढचा अर्ज कसा लिहायचा ते तुम्हाला वेगळ्या पत्राने सांगेन. उत्तरासाठी स्वतःचा पत्ता लिहिलेले पाकीट जोडायला विसरू नका.

पुढच्या अंकात : सासऱ्यांच्या नावावरच्या घरात सुनेचा हक्क किती?

— तुमची वकीलताई